कुन्नूरचे आहारसंशोधक सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन

आपल्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, हा प्रघात जुना आहे. संतांची चरित्रे झाली, समाजसुधारकांची झाली, दानशूर ज्ञातिबांधवांचीही झाली. यंदा आम्ही एका परदेशस्थ गृहस्थाचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत, याचे कित्येकांस नवल वाटेल. हे गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नव्हते, धर्माचे नव्हते, देशाचेही नव्हते. त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे उंदीर, पारवे व माकडे यांच्या पिंजऱ्यांपुढे गेली. परंतु घराघरांत रोज काय शिजते, कोणाच्या ताटात काय पडते आणि त्यातून कोणत्या प्रकारचे शरीर घडते, या प्रश्नाचा छडा हिंदुस्थानच्या भूमीवर बसून ज्यांनी प्रथम चिकाटीने लावला ते हेच सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन होत. आहारशास्त्राच्या ग्रंथांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आपल्या घरांत मात्र ते फारसे ठाऊक नाही, म्हणून हा प्रपंच.

मॅक्कॅरिसन यांचा जन्म १५ मार्च १८७८ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागातील पोर्टाडाउन या गावी झाला. बेलफास्ट येथील क्वीन्स कॉलेजात त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला व १९०० साली ते पदवीधर झाले. दुसऱ्याच वर्षी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये प्रवेश मिळवून अवघ्या तेविसाव्या वर्षी ते हिंदुस्थानास येण्यास निघाले. त्या काळी या नोकरीत शिरणाऱ्या तरुण डॉक्टरास पलटणीबरोबर सरहद्दीवर जावे लागे. मॅक्कॅरिसन यांच्या वाट्यास चित्रळ आले. तेथील शिपायांना उन्हाळ्यात तीन दिवस टिकणारा एक ताप येई. त्याला हिवतापाचाच एक प्रकार मानून सारे स्वस्थ बसले असता या नवख्या डॉक्टराने तो वेगळा असल्याचे ओळखले व वाळूमाशीच्या दंशाशी त्याचा संबंध जोडला. नोकरीची जेमतेम चार-दोन वर्षे झाली असता ही दृष्टी दाखविणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

पुढे १९०४ पासून १९११ पर्यंत ते गिलगिट येथे होते. हिमालय व काराकोरम यांच्या खोऱ्यांतील या मुलखात गलगंड घरोघर दिसे. गळ्याला लोंबणारी गाठ घेऊन माणसे शेतात राबत. काही कुटुंबांत खुजी, मूकबधिर व मंदबुद्धीची मुले जन्मास येत, आणि लोक ते नशिबाचे भोग समजत. गिलगिटच्या परिसरात एकाच ओढ्याच्या पाटावर एकाखाली एक अशी खेडी वसलेली होती. वरच्या खेड्याची घाण वाहून आणणारे पाणी खालचे खेडे पिई, आणि त्याचे घाणेरडे पाणी त्याच्याही खालच्या खेड्याच्या वाट्यास येई. मॅक्कॅरिसन यांनी घरोघर हिंडून मोजदाद केली, तेव्हा वरून खाली जावे तसतसे गलगंडाचे प्रमाण वाढत गेलेले आढळले. मग त्यांनी त्या पाण्यातील गाळ गाळून काढला आणि काही माणसांसह स्वतः तो रोज प्राशन करण्यास आरंभ केला! काहींच्या गळ्याची ग्रंथी काही दिवसांतच फुगू लागली. तोच गाळ उकळून घेणाऱ्यांस मात्र काही झाले नाही. यावरून त्यांनी पाण्यातील जंतू हे गलगंडाचे कारण ठरविले.

हा निष्कर्ष अपुरा होता, हे येथेच सांगून टाकतो. चरित्रनायकाची चूक झाकून ठेवणे आम्हांस पसंत नाही. गळ्यातील अवटू ग्रंथीला आपला रस तयार करण्यासाठी आयोडीन हे मूलद्रव्य लागते. पर्वतीय प्रदेशात पाऊस व बर्फ यांनी जमिनीतील आयोडीन वाहून जाते, त्यामुळे तेथील धान्यात व पाण्यात ते नसते. ते मिळेनासे झाले की ग्रंथी अधिक काम करू पाहते व सुजते. गर्भारपणी आईला आयोडीन मिळाले नाही तर पोटातील मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते. अमेरिकेत डेव्हिड मरीन यांनी १९१७ पासून शाळकरी मुलींवर प्रयोग करून आयोडीनचा गुण दाखविला. आपल्या देशात १९५६ साली कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला, तेव्हा गलगंडाचे प्रमाण झपाट्याने उतरले. दूषित पाणी या रोगात भर घालीत असेलही, परंतु मूळ उणीव क्षाराची होती. मॅक्कॅरिसन यांच्या हातास दोरा लागला होता, पण त्याचे टोक चुकीचे होते. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून पाहणारा माणूस म्हणून मात्र आम्हांस ते त्या चुकीतही थोर वाटतात.

गिलगिटच्या उत्तरेस हुंझा नावाचे छोटे संस्थान होते. तेथील लोक उंच, काटक व निरोगी. जवळच्याच खोऱ्यातले लोक रोगजर्जर आणि हे लोक असे कसे, हा प्रश्न मॅक्कॅरिसन यांच्या मनात जो बसला तो कायमचाच. हुंझातील लोक सबंध धान्याची भाकरी, भाजीपाला, जर्दाळू व दूधदुभते यांवर राहत. मांस क्वचितच खात. पुढे युरोप-अमेरिकेतील लेखकांनी याच लोकांविषयी शंभर-सव्वाशे वर्षे जगण्याच्या अद्भुत कथा रचल्या. त्यांना पुरावा नाही आणि त्यांचा बोजा आपण मॅक्कॅरिसन यांच्या माथी टाकू नये. त्यांनी घेतला तो फक्त प्रश्न.

आता त्या काळच्या शास्त्राची स्थिती थोडी सांगितली पाहिजे, त्यावाचून पुढील भाग कळणार नाही. अन्नात पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, क्षार व पाणी एवढेच काय ते असते, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मानीत. पोट भरले की शरीर पोसले, हा समज विद्वानांचाही होता. जावा बेटावर बटाव्हिया येथे आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचे जंतू शोधीत होते. पायातील शक्ती जाऊन माणूस लुळा होणे व शेवटी हृदय थकून मरणे हे या रोगाचे स्वरूप. त्यांच्या अंगणातील कोंबड्याच एके दिवशी लुळ्या पडू लागल्या आणि काही काळाने आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंती कळले की मधल्या काळात त्यांस लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातील उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांस देण्याचे नाकारले व त्या बऱ्या झाल्या. एका आचाऱ्याच्या काटेकोरपणाने जगाला केवढे ज्ञान मिळाले पाहा! तांदळाच्या पांढऱ्या दाण्यात जे नाही ते त्याच्या कोंड्यात आहे, एवढे यातून निघाले. १९१२ साली फुंक यांनी अशा द्रव्यांस व्हिटॅमिन हे नाव सुचविले. आपण त्यांस जीवनसत्त्वे म्हणतो. आइकमन यांस १९२९ साली इंग्लंडच्या हॉपकिन्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

पहिल्या महायुद्धातील सेवा आटोपून मॅक्कॅरिसन १९१८ साली निलगिरी पर्वतावरील कुन्नूर येथे आले. दक्षिणेत बेरीबेरीचा उपद्रव होता, त्याची चौकशी करण्याचे काम त्यांजकडे सोपविण्यात आले होते. पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एक खोली, एवढीच त्यांची प्रयोगशाळा. तेथे त्यांनी पारव्यांस केवळ पॉलिशचा तांदूळ घालून पाहिला. काही आठवड्यांत पक्षी खाईनासे होत, पंख गळत, पाय लटपटत आणि मान मागे वळून पाठीस टेके. आज याचे कारण आपणांस ठाऊक आहे. पिष्टाचे शरीरात ज्वलन होण्यासाठी ब-१ जीवनसत्त्व लागते. भात भरपूर व ब-१ नाही अशी स्थिती झाली की मज्जातंतूंस शक्ती मिळेनाशी होते. १९२६ साली जावा बेटावरच यान्सन व डोनाथ यांनी तांदळाच्या कोंड्यातून हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढले.

इतर संशोधक पक्ष्याची मान वाकडी झाली की प्रयोग संपला असे समजत. मॅक्कॅरिसन तेथे थांबले नाहीत. त्यांनी मेलेल्या प्रत्येक पारव्याचे एकूण एक इंद्रिय काढून तोलले व सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. छातीतील थायमस ग्रंथी, प्लीहा, प्रजोत्पादनाची इंद्रिये ही झिजून लहान झालेली असत. मूत्रपिंडांवरील ग्रंथी उलट मोठ्या झालेल्या असत. आतड्याची भिंत पातळ पडलेली असे. माकडांस निकृष्ट अन्न दिले तेव्हा त्यांस अतिसार व आतड्यांचे विकार जडले. अन्नातील उणीव एका ठिकाणी बोट दाखवून थांबत नाही, ती सर्व शरीर आतून पोखरते, आणि रोगाचे नाव धारण करण्यापूर्वी कित्येक दिवस ती तेथे असते, ही गोष्ट त्यांनी सिद्ध केली. १९२१ साली त्यांचा उणीवजन्य रोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आमच्या मते त्यांच्या एकंदर कार्यातील हा भाग सर्वांत मोलाचा. मूल शाळेत येते, हसते, खेळते, परंतु वारंवार आजारी पडते, कंटाळते, फळ्यावरचे लक्षात ठेवीत नाही. त्याचे पोट रिकामे नसते. शिक्षकाचे आयुष्य घालविलेल्या कोणासही असे मूल डोळ्यांपुढे आणण्यास आठवण ताणावी लागणार नाही.

अशा कामास सरकारने उत्तेजन द्यावे की नाही? १९२३ साली काटकसरीसाठी नेमलेल्या इंचकेप समितीच्या कात्रीत कुन्नूरचे हे काम सापडले व बंद पडले. रोगांवर खर्च होणाऱ्या पैशाच्या मानाने उंदरांच्या धान्याचा खर्च तो किती असणार! परंतु हिशेबनिसास पिंजरे दिसतात, त्यांमागील प्रश्न दिसत नाही. दोन वर्षांनी, १९२५ साली, काम पुन्हा सुरू झाले, आणि खरी कीर्ती मॅक्कॅरिसन यांस त्यानंतरच्या दहा वर्षांनी दिली.

या दहा वर्षांत पारव्यांची जागा पांढऱ्या उंदरांनी घेतली. उंदीर सर्वभक्षी, माणूस खातो ते सर्व खाणारा, लवकर वाढणारा व थोड्या जागेत राहणारा. त्याचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे असल्याने माणसाच्या साठ वर्षांचा इतिहास पिंजऱ्यात थोडक्या काळात पाहावयास मिळतो. मॅक्कॅरिसन यांनी सुमारे एक हजार उंदरांचा कळप पंजाबातील शीख शेतकऱ्याच्या आहारावर पाळला. सबंध गव्हाच्या कणकेची चपाती व तिला लावलेले लोणी, मोड आलेले कडधान्य, कच्च्या ताज्या भाज्या व गाजरे, भरपूर दूध, आठवड्यातून एकदा थोडे मांस, आणि पाणी. जागा स्वच्छ, ऊनवारा पुरेसा. दोन वर्षांहून अधिक काळ या कळपात आजार म्हणून आढळला नाही व अपघात सोडता प्रौढ उंदीर मेला नाही. उलट, देशातील निरनिराळ्या गरीब लोकांच्या निकृष्ट आहारावर वाढविलेल्या दोन हजारांहून अधिक उंदरांस त्यांनी तपासले, तेव्हा फुप्फुसांचे, पोटाचे, डोळ्यांचे, त्वचेचे, मूत्राशयाचे असे नाना रोग त्यांत आढळून आले.

त्यानंतर त्यांनी जो प्रयोग केला तो आपल्या सभेसारख्या सभांनी विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या उंदरांचे सात गट पाडले. एकास शिखाचे अन्न, एकास पठाणाचे, एकास मराठ्याचे, एकास गुरख्याचे, एकास कानडी माणसाचे, एकास बंगाल्याचे व एकास मद्रासी माणसाचे अन्न देण्यात आले. पुढे त्यांस तोलून पाहिले. शिखाच्या अन्नावरील उंदीर सरासरी सुमारे २३५ ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबाने वीस तोळे भरला. पॉलिशचा भात मुख्य व दूध जेमतेम अशा मद्रासी अन्नावरील उंदीर सुमारे १५५ ग्रॅम, म्हणजे सव्वातेरा तोळे. आपल्या महाराष्ट्रदेशीच्या लोकांचा क्रमांक या यादीत शीख व पठाण यांच्या पाठोपाठ तिसरा आला. (येथे मराठा हा शब्द एका ज्ञातीचा वाचक नसून या मुलखातील कष्टकरी लोकांस उद्देशून आहे.) तिसऱ्या क्रमांकाने कोणी मिशीस पीळ भरू नये. यादीत गर्व करण्यासारखे दुसरेच काही आहे, ते असे की सातही गटांतील उंदीर एकाच कुळीचे होते!

शीख जातीने धिप्पाड, दुसरा कोणी जातीने किरकोळ, असे आपण सहज बोलून जातो. साहेबलोकही असेच बोलत व सैन्यात भरती करताना लढवय्या जाती व इतर जाती असा भेद करीत. मॅक्कॅरिसन यांनी पिंजऱ्यांत शीख कोंडला नव्हता, मद्रासीही कोंडला नव्हता. एकाच रक्ताच्या प्राण्यांची फक्त ताटे बदलली, आणि माणसांच्या प्रांतोप्रांती दिसणाऱ्या शरीरयष्टीचीच प्रत जणू पिंजऱ्यांत उमटली. रक्ताचा भाग शरीरात नसतो असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्याचे श्रेय वा दोष आपण रक्ताला देतो त्यातला केवढा तरी वाटा चुलीचा असतो. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे छापले जावे यात आम्हांस काही विसंगती वाटत नाही. वंशावळी जपणाऱ्यांनी तर ते अवश्य वाचावे.

याच सुमारास अमेरिकेतील टेक्सस येथे फ्रेड हेल नावाच्या संशोधकाने एक विलक्षण गोष्ट पाहिली. अ जीवनसत्त्व नसलेल्या चाऱ्यावर ठेवलेल्या एका डुकरिणीला अकरा पिले झाली व त्या सर्वांस डोळ्यांची बुबुळेच नव्हती. हे १९३३ साली प्रसिद्ध झाले. पिढीजात दोष असेल अशी शंका घेणे स्वाभाविक होते. परंतु योग्य चारा देताच पुढील पिले डोळस निपजली. पुढे १९४० नंतर वारकनी यांनी रिबोफ्लेविन या जीवनसत्त्वाच्या अभावी उंदरिणींच्या पोटी टाळू फाटलेली व हाडांत व्यंग असलेली पिले होतात असे दाखविले. आपल्या घरांत व्यंग असलेले मूल जन्मास आले की सासरची माणसे सुनेच्या माहेरच्या कुळाकडे बोट दाखवितात, सूनही मनोमन स्वतःस दोष देते, आणि पुढे धाकट्या बहिणीचे लग्न जमविणे कठीण होते. प्रत्येक व्यंग अन्नामुळेच होते असे मुळीच नाही. कित्येक खरोखरच आनुवंशिक असतात व कित्येकांचे कारण उमगत नाही. तरीही १९९१ साली इंग्लंडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केलेल्या मोठ्या प्रयोगात असे आढळले की ज्या मातांस आधी मणक्याचे व्यंग असलेले मूल झाले होते त्यांनी पुढील खेपेस गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक आम्ल घेतल्यास ते व्यंग पुन्हा होण्याचा संभव सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो. सोयरीक जुळविताना कुळाची चौकशी करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी गर्भार सुनेच्या ताटाचीही तितक्याच आस्थेने चौकशी करावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. मात्र गोळ्या घ्यावयाच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. अ जीवनसत्त्वाचा अतिरेकही गर्भास अपायकारक असतो.

मुतखड्याविषयीचे त्यांचे प्रयोगही नमूद करण्यासारखे आहेत. वायव्येकडील प्रांतांत लहान मुलांच्या मूत्राशयात खडे होत व त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागे. मॅक्कॅरिसन यांनी मुख्यतः पिठावर ठेवलेल्या व अ जीवनसत्त्व न मिळालेल्या उंदरांच्या मूत्राशयात तसेच खडे निर्माण करून दाखविले. आहारात दूध घालताच ते होईनासे झाले. याची उपपत्ती सोपी आहे. अ जीवनसत्त्वाच्या अभावी डोळ्यांचे, श्वासमार्गाचे व मूत्रमार्गाचे ओलसर अस्तर कातडीसारखे कोरडे होऊन त्याच्या खपल्या सुटतात. त्या खपलीभोवती क्षार साचत जाऊन खडा बनतो. डोळ्यांच्या बाबतीत त्याच उणिवेने प्रथम रातांधळेपणा येतो व पुढे दृष्टी जाते. त्रावणकोरातील गरिबांच्या टॅपिओकाप्रधान आहारावर ठेवलेल्या उंदरांपैकी बऱ्याच जणांच्या जठरात व्रण आढळले. शिखाच्या अन्नावरील उंदरांत ते आढळले नाहीत.

त्यांनी स्वदेशीयांसही सोडले नाही, हे विशेष. इंग्लंडमधील गरीब माणसाचा पांढरा पाव, मार्गारिन, गोड चहा, उकडून निःसत्त्व केलेल्या भाज्या, डब्यातील मांस व मुरंबा असा आहार त्यांनी एका गटास दिला. उंदीर खुरटले, चिडखोर बनले, सेवकांस चावू लागले आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास आपल्यातील दुबळ्यांस मारून खाऊ लागले. शेजारच्याच पिंजऱ्यातील शिखाच्या अन्नावरील उंदीर एकमेकांशी गुण्यागोविंदाने नांदत होते. आज आपल्या मुलांच्या डब्यांतही मैद्याचा पाव, बिस्किटे व गोड पेये यांचा शिरकाव झालेला आहे, याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

या सर्व हकीकतीत हजारो मुक्या जीवांचे हाल झाले, ही गोष्ट आमच्या कित्येक भगिनींच्या मनास टोचेल, आणि टोचावीच. आम्हांसही मान मागे वळलेल्या पारव्याचे वर्णन लिहिताना बरे वाटले नाही. परंतु ज्या अन्नाने हे प्राणी मेले ते अन्न मॅक्कॅरिसन यांनी विष म्हणून कालविले नव्हते. तेच अन्न लक्षावधी माणसे रोज खात होती व त्यांचा हिशेब कोणी ठेवीत नव्हता. दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदीर आपल्या शरीरात क जीवनसत्त्व स्वतः बनवितो, त्यामुळे त्यास स्कर्व्ही होत नाही. तो रोग पाहावयाचा तर गिनीपिग घ्यावा लागतो, हे १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिख यांनी दाखविले होते. शिवाय सबंध आहाराची सबंध आहाराशी तुलना केली म्हणजे नेमके कोणते द्रव्य कमी पडले ते निश्चित होत नाही. मॅक्कॅरिसन अन्नाच्या माथी थोडे अधिकच मारीत, हेही खरे. हे सर्व मान्य करूनही मूळ गोष्ट उरतेच.

१९२६ साली हिंदुस्थानच्या शेतीची चौकशी करण्यासाठी आलेल्या राजकीय आयोगापुढे त्यांनी आपले म्हणणे मांडले. या देशातील माणसाचे बळ खच्ची करणाऱ्या कारणांत निकृष्ट आहार हे सर्वांत दूरगामी होय, असा त्यांचा आशय होता. १९२८ साली त्यांनी शाळा-कॉलेजांतील विद्यार्थ्यांसाठी अन्न या विषयावर एक छोटेखानी प्राथमिक पुस्तक इंग्रजीत लिहिले. मोठ्या संशोधकाने मुलांसाठी सोपे पुस्तक लिहावयास बसणे, याचे अप्रूप आम्हां शिक्षकांस अधिक वाटते. त्यांनी सुचविलेल्या गोष्टींत परदेशी वा महाग असे काही नव्हते. सबंध धान्य, दूध, हिरव्या पालेभाज्या, फळे. आपल्याकडील ज्वारी-बाजरीची भाकरी कोंड्यासकट असते. कोकणातील उकडा तांदूळ टरफलासह उकडला जात असल्याने कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व काही अंशी दाण्यात मुरते व पुढे सडल्यावरही टिकते. हातसडीच्या तांदळास आपल्या आज्या जो मान देत त्याला शास्त्राचा आधार असल्याचे आइकमनच्या कोंबड्यांनी व कुन्नूरच्या पारव्यांनी सिद्ध केले. मात्र त्याच आज्या सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले खात व मुलींस तीच रीत लावीत, त्या रीतीस कोणत्याही शास्त्राचा आधार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. भांड्याच्या तळाशी उरलेली भाजी कोणाच्या वाट्यास येते, याचा या आकड्याशी काही संबंध नसेल असे आम्हांस वाटत नाही.

१९३३ साली मॅक्कॅरिसन यांस सर ही पदवी मिळाली व १९३५ साली ते सेवानिवृत्त होऊन मायदेशी गेले. त्यांच्या जागी डॉ. एक्रॉइड आले. १९३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये त्यांनी आहार व राष्ट्राचे आरोग्य या विषयावर व्याख्याने दिली. त्यांच्या कुन्नूर येथील कार्याचा सारांश त्यांत आलेला आहे. पुढे ते ऑक्सफर्ड येथे राहत व दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे पदवीधर डॉक्टरांच्या शिक्षणाची व्यवस्था पाहत. १८ मे १९६० रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्याच्या दोनच वर्षे आधी, १९५८ साली, त्यांची प्रयोगशाळा कुन्नूरहून हैदराबादेस हलविण्यात आली होती. त्या वेळी तिचे संचालकपद आपल्या महाराष्ट्रातील डॉ. वि. ना. पटवर्धन यांजकडे होते. १९६९ साली तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले व २०१८ साली तिची शताब्दी झाली. १९२० च्या सुमारास कुन्नूरात आणलेल्या पांढऱ्या उंदरांचा वंश या संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या तसाच राखलेला आहे. १९९६ साली त्या वंशात एक उंदीर असा निघाला की तो इतरांचेच अन्न खाऊन बेसुमार लठ्ठ झाला, आणि या वेळी मात्र कारण ताटात नसून रक्तात होते. त्याची संतती आता वेगळ्या पिंजऱ्यांत पाळतात आणि लठ्ठपणाच्या रोगांवरील संशोधनासाठी वापरतात.